नानांचं कारतूस

२०२५ च्या सप्टेंबरात, २६ तारखेला, मिग-२१ विमानं वायुसेनेतून निवृत्त झाली. चंदीगडला मोठा कार्यक्रम झाला, तुम्ही सगळ्यांनी टीव्हीवर पाहिला असेल. १९६३ साली आलेलं विमान बासष्ट वर्षं टिकलं. आमच्या पांढुर्ण्याच्या ग्रुपवर त्या दिवशी फोटोच फोटो. नाशिकजवळ ओझरला ही विमानं बनायची म्हणून काही जणांनी 'आपलं मराठी विमान' असंही लिहिलं. मी मात्र दोन दिवस काहीच लिहिलं नाही. मला आठवत होते आमचे नानाकाका, आणि मी त्यांच्याशी जे वागलो ते. आज लिहितो. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

नाना म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. आमचं घर संत्र्याचं. बगीचा, विहीर, दोन बैलजोड्या आणि शेतीचा कधी न सुटणारा हिशोब. स्वातंत्र्याच्या पुढच्याच वर्षी नाना मॅट्रिक झाले आणि घरी न सांगता नागपूरला जाऊन वायुसेनेत भरती झाले. आजोबांना आठ दिवसांनी पोस्टकार्ड आलं. आजोबांनी ते वाचलं, घडी केली आणि वर्षभर त्यांचं नाव घेतलं नाही, असं आजी सांगायची.

नाना पायलट नव्हते, हे आधीच सांगतो. लोकांना वायुसेना म्हटलं की पायलटच दिसतो. ते इंजिन फिटर. बंगलोरजवळ जालहळ्ळीला ट्रेनिंग झालं आणि मग टेम्पेस्ट विमानांवर लागले. पुढे व्हॅम्पायर, नॅट. १९६७ साली सार्जंट म्हणून पेन्शन घेऊन पांढुर्ण्याला परत आले आणि बसस्टँडच्या मागे मोटरपंप दुरुस्तीचं दुकान टाकलं. बगीचेवाल्यांचं गाव, त्यामुळे काम भरपूर. डिझेल इंजिनाचा आवाज ऐकूनच सांगायचे, "याचा वॉल्व बसत नाही." डाव्या कानाने मात्र त्यांना ऐकू येत नसे. आपण डावीकडून बोललो की पूर्ण तोंड फिरवून बघायचे. गोटमारीच्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, अख्खा गाव जाम नदीवर धावायचा आणि नाना दुकानाला कुलूप लावून सौसरला निघून जायचे. "दगडाने डोकं फोडून घ्यायला बापा मी काऊन थांबू," म्हणायचे.

तर नानांचा एक किस्सा होता. तो त्यांनी दुकानात, लग्नात, तेराव्याच्या पंगतीत, सगळीकडे सांगितला असेल. टेम्पेस्ट विमान सुरू करायला किल्ली नाही, हॅंडल नाही. बंदुकीत घालतात तसं काडतूस घालायचं. पायलटने बटण दाबलं की धडाम्‌ आवाज, काळा-निळा धूर आणि पंखा गरगरा फिरायला लागायचा. फिटर आग विझवायची नळकांडी घेऊन जवळ उभा. "कधी कधी दोनदोन-तीनतीन कारतूस लागे," नाना म्हणत. आमच्याकडे हिंदीचा शेजार, त्यामुळे काडतुसाला कारतूसच.

दुसरा किस्सा नॅटचा. ते विमान एवढं लहान की फिटर जमिनीवर उभा राहून पंखावर पाना ठेवू शकतो, शिडी लागत नाही. लढाऊ विमान आणि शिडी लागत नाही!

गावाने त्यांचं नावच 'कारतूस सार्जंट' पाडलं. पोरं दुकानावरून जाताना "नाना, धडाम्‌!" असं ओरडायची. नाना हसायचे, निदान मला तरी तेव्हा ते हसल्यासारखे दिसायचे. मी बी.कॉम.ला नागपूरला होतो. आमच्या होस्टेलमध्ये एक इंजिनीअरिंगचा मुलगा होता, त्याला मी विचारलं की बंदुकीच्या काडतुसाने विमानाचं इंजिन सुरू होतं का? तो इतका हसला की माझाही निकाल लागून गेला. दोन हजारांहून जास्त अश्वशक्तीचं इंजिन आणि काडतूस? त्याच्यावर माझा विश्वास, कारण तो इंजिनीअरिंगचा. नाना मॅट्रिक.

आता मुख्य गोष्ट. १९८६ साली मी सौसर शाखेत होतो. आमचे वरचे एक साहेब शाखेच्या तपासणीला आले होते. त्यांना जामसावळीच्या निजलेल्या मारुतीचं दर्शन घडवलं आणि जेवायला घरी आणलं. नेमके त्या दिवशी नाना पांढुर्ण्याहून संत्र्याची पेटी घेऊन आलेले. पंगतीला बसले. साहेबांनी सहज विचारलं, "काका, आपण कुठे होता?" झालं. वांग्याची भाजी पानात निवत राहिली आणि टेम्पेस्ट सुरू झालं. काडतूस, धडाम्‌, धूर. साहेबांच्या ओठांवर ते हसू आलं, जे मी चांगलं ओळखत होतो. कर्जाच्या अर्जात फुगवलेले आकडे दिसले की येतं तेच.

आणि मी म्हणालो, "साहेब, मनावर घेऊ नका. नानांची सवय आहे."

नानांनी तोंड फिरवून माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्या उजव्या बाजूला बसलो होतो, त्यामुळे ऐकू आलं नसेल असं म्हणायला जागा नव्हती. ते काही बोलले नाहीत. भात मागितला. साहेब गेल्यावर संत्री पेटीतून काढून टोपलीत लावून दिली आणि संध्याकाळच्या बसने परत गेले. त्यानंतर ते सात वर्षं जगले, पण माझ्यासमोर तो किस्सा त्यांनी पुन्हा कधी सांगितला नाही. दुसऱ्यांसमोर सांगत असत, असं नंतर कळलं. मी आलो की थांबायचे.

१९९३ साली नाना गेले. काकू सौसरला मुलीकडे राहायला गेली आणि पांढुर्ण्याचं मागचं घर रिकामं करायचं काम माझ्याकडे आलं. काकूने सांगून ठेवलं होतं, पलंगाखालची हिरवी ट्रंक तेवढी बाईला दे. बाई म्हणजे माझी चुलत बहीण, नानांची एकुलती एक. ट्रंकेत पाने होते, तेलकट कापडात गुंडाळलेली हत्यारं होती, एक वही होती जिला वाळवीने खाल्लं होतं, आणि तीन जाडसर पितळी नळ्या होत्या. वीतभरही नसतील. मला वाटलं पंपाचं काहीतरी आहे. रविवारचा दिवस, सोमवारी मला शाखा उघडायची. भंगारवाला दारात उभा होता. मी सगळं देऊन टाकलं. लोखंड वेगळं तोललं, पितळ वेगळं.

बाईला सांगितलं, ट्रंक गंजून गेली होती, आत काही उरलं नव्हतं. ती म्हणाली, "बरं दादा."

आता येतो २०२५ च्या फेब्रुवारीवर. माझी मुलगी दिल्लीला द्वारकेत राहते. नातवाला विमानांचं वेड. पालमला वायुसेनेचं संग्रहालय आहे, १९६७ साली सुरू झालेलं, म्हणजे नाना निवृत्त झाले त्याच वर्षी. "आजोबा, चला," म्हणाला. मी गुडघ्याला पट्टा बांधला आणि निघालो.

मोकळ्या जागेत मोठी विमानं उभी आहेत, ऊन-पाऊस खात. जुनी माणसं मात्र हँगरच्या आत आहेत. माणसं म्हणालो मी, चुकून नाही. वापिती, लायसँडर, हरिकेन, स्पिटफायर. त्यातलं हरिकेन जवळून बघा कधी, त्याच्या मागच्या अंगाला पत्रा नाही. सांगाड्यावर ताणून बसवलेलं कापड आहे. कापडाच्या विमानात बसून आपली पोरं ब्रह्मदेशात जपान्यांशी लढली. आपले हृषीकेश मूळगावकर त्या लढाईत होते. पुढे काश्मीरच्या कामगिरीसाठी त्यांना महावीर चक्र मिळालं आणि १९७६ मध्ये ते वायुसेनाप्रमुख झाले. त्याच हँगरमध्ये जपानचं 'ओका' आहे. ते परत उतरण्यासाठी बनवलेलंच नव्हतं. आत बसवलेल्या पोराने ते घेऊन जहाजावर आदळायचं. नातवाने विचारलं, "मग त्याला चाकं कशाला?" मी म्हटलं, "नाहीतच." तो खाली वाकून बघून आला.

आणि मग टेम्पेस्ट.

मी नाव ऐकून होतो, विमान कधी पाहिलं नव्हतं. नानांच्या बोलण्यावरून मनात मळणीयंत्रासारखं काहीतरी होतं. हे तर केवढं! पंखांचं पसरणं एकेचाळीस फूट, चार पात्यांचा पंखा आणि त्याच्या मागे अठरा सिलिंडरचं ब्रिस्टल सेंटॉरस इंजिन. या टेम्पेस्ट मार्क-टूची गंमत अशी की महायुद्धात लढायला ते उशिरा पोहोचलं. आपल्याकडे १९४७ च्या सुमारास आलं आणि लढलं ते काश्मीरमध्ये. जेट विमानं १९४८ पासूनच यायला लागली आणि पुढे टेम्पेस्ट बाजूला पडलं.

नातू फोनवर वाचत होता. अचानक म्हणाला, "आजोबा, हे बघा ना, हे कार्ट्रिजने स्टार्ट व्हायचं!"

मी म्हटलं, "काय म्हणालास?"

त्याने वाचून दाखवलं. कॉफमन स्टार्टर. काडतूस उडतं, त्या गॅसच्या दाबाने एक दट्ट्या सरकतो आणि तो इंजिनाला फिरवतो. टेम्पेस्टमध्ये होतं, स्पिटफायरच्या नंतरच्या ग्रिफन इंजिनवाल्या जातीतही होतं. बॅटरीचं वजन वाचतं, वाळवंटात-जंगलात कुठेही चालतं. मग त्याने एक व्हिडिओ लावला. कुठलं तरी जुनं विमान, बाहेर एक माणूस आग विझवायचं नळकांडं घेऊन उभा. धडाम्‌. धूर. पंखा अडखळला, थांबला. पुन्हा धडाम्‌. मग फिरला.

नातू म्हणाला, "कूल ना?" मी बाजूच्या बाकावर बसलो. त्याला वाटलं गुडघा दुखतोय.

बऱ्याच वेळाने उठलो आणि नॅट शोधलं. फॉलंडचं नॅट, १९६५ च्या लढाईत ज्याला 'सेबर स्लेयर' म्हणायचे ते. लांबी तीस फूटसुद्धा नाही, आमच्या पांढुर्णा–छिंदवाडा बसपेक्षा लहान. ह्याच नॅटवरून १४ डिसेंबर १९७१ ला श्रीनगरला फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीतसिंग सेखों एकटे सेबर विमानांना भिडले आणि गेले. वायुसेनेतलं आजवरचं एकमेव परमवीर चक्र त्यांचं. आणि आणखी एक नॅट आजही जपून ठेवलेलं आहे, पण ते कराचीत, पाकिस्तानी वायुसेनेच्या संग्रहालयात. १९६५ च्या सप्टेंबरात ते त्यांच्या पसरूरच्या धावपट्टीवर उतरलं होतं. नाना त्या वेळी अंबाल्याला होते. सगळ्या विमानांबद्दल बोलायचे, त्या एकाबद्दल एक शब्द नाही.

मी दोरीच्या अलीकडे उभा राहिलो आणि हात पुढे करून अंदाज घेतला. पंख माझ्या छातीच्या-खांद्याच्या आसपास येत होता. माझी उंची पाच फूट पाच इंच. पाना ठेवायला शिडी लागली नसती.

त्यानंतर मला नादच लागला. नातवाने फोनवर बरंच काही काढून दिलं आणि रिटायर माणसाला वेळ काय कमी? आपल्याकडची ही जुनी लढाऊ विमानं किती गेली आणि किती राहिली याचा हिशोब मी मनाशी मांडायला लागलो. बँकेत आम्ही घसारा लावतो. दरवर्षी वस्तूची किंमत कमी करत जायचं, शेवटी खातेवहीत एक रुपया ठेवायचा. वस्तू आहे एवढं दाखवण्यापुरता तो रुपया. ह्या विमानांचा तो रुपयासुद्धा कोणी ठेवला नव्हता. स्पिटफायर आणि टेम्पेस्टचे सांगाडे कुठे कुठे धावपट्टीच्या कडेला गवतात पडले होते. १९७० च्या दशकाच्या शेवटाला इंग्लंडमधले शौकीन लोक आले आणि ते सांगाडे विकत घेऊन गेले. आपल्या दृष्टीने ते भंगार होतं. त्यातलं एक टेम्पेस्ट तिकडे बरीच वर्षं खपून दुरुस्त केलं आणि २०२३ च्या ऑक्टोबरात ते इंग्लंडमध्ये सायवेलला पुन्हा आकाशात गेलं. आपल्या वायुसेनेत त्याचा नंबर एचए-५८६ होता. लंडनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियममध्ये जे टेम्पेस्ट-टू उभं आहे तेही भारतातून गेलेलं.

याच्या उलट बाजूही सांगतो, नाहीतर हिशोब एकतर्फी होईल. कानपूरला महायुद्धानंतर अमेरिकन लिबरेटर बॉम्बर विमानांचा ढीग पडला होता. कोणाच्या हाती लागू नयेत म्हणून इंग्रजांनी जाताना त्यांची मोडतोड केली होती. आपल्या हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या कारागिरांनी त्या ढिगातून चाळीसच्या वर विमानं उभी केली, आणि त्यांचे पायलट जमशेद मुन्शी ती एकेक करून बंगलोरला उडवत घेऊन गेले. ही विमानं १९६८ पर्यंत चालली. जगात आज जी थोडी लिबरेटर उरली आहेत, त्यांतली कितीतरी आपल्या वायुसेनेतूनच गेलेली आहेत. म्हणजे जपायची अक्कल आपल्याला नव्हती असं नाही. काम होतं तोवर जपलं.

वायुसेनेचा आता जुन्या विमानांचा ताफा आहे हिंडनला. टायगर मॉथ, हार्वर्ड आणि २०१८ मध्ये आलेलं डकोटा 'परशुराम', ही विमानं उडतात. लढाऊ विमानं मात्र हँगरमध्ये उभी आहेत, रंग देऊन, तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलासारखी. मला त्यात कमीपणा वाटत नाही. इंग्लंडमध्ये उडणाऱ्या विमानाचा पत्रा बराचसा नवा घालावा लागतो, आणि तिथे जुनं काय उरतं असा वादही चालतो म्हणे. पालमच्या टेम्पेस्टचं पंधरा-वीस वर्षांत इंजिन धडाडलेलं नसेल, पण त्याच्या पत्र्यावर कदाचित नानांसारख्याच कोणा फिटरचे हात लागलेले आहेत. नानांचेच लागले असतील असं मी म्हणत नाही. तशी टेम्पेस्टं शंभरावर होती.

फेब्रुवारीत परत आलो. बाईकडे जायला मात्र मला सात महिने लागले. मिग-२१ चा तो कार्यक्रम टीव्हीवर झाला, त्याच्या तिसऱ्या दिवशी सौसरला गेलो. बाईही आता सत्तरीची आहे. तिला नातवाचा व्हिडिओ दाखवला. आवाज मोठा केला. तिने एकदा पाहिला, मग फोन माझ्या हातातून घेऊन पुन्हा पाहिला.

"तुला आता पटून राहिलं का दादा?" म्हणाली. "बाबाचा कान काय असाच गेला होता?"

मी म्हणालो, "बाई, अजून एक सांगायचं आहे." आणि ट्रंकेचं सांगितलं. सगळं सांगितलं. रविवार, भंगारवाला, हत्यारं, वही, त्या तीन पितळी नळ्या. गंजून गेली होती हे खोटं होतं, हेही. साहेबांच्या पंगतीतलं वाक्यही सांगितलं. ते तिला माहीत होतं. नानांनी नाही, तिच्या आईने सांगितलं होतं, वाढायला तीच होती.

बाई बराच वेळ अंगणाकडे बघत बसली. जावयांनी टीव्ही बंद केला आणि आत गेले.

मग विचारलं, "पितळ किती रुपयांचं भरलं होतं?"

बत्तीस वर्षं झाली. पण मी बँकेतला माणूस, आकडा विसरत नाही. म्हणालो, "नळ-बिळ धरून एकशे पंचवीस."

ती काही बोलली नाही. उठून चहा ठेवला. साखर कमी घातली, माझी शुगर तिच्या लक्षात असते. कप माझ्या हातात देताना म्हणाली, "ते विमान कुठं आहे म्हटलं, दिल्लीत? आपल्याला आत जाऊ देतात का?"

डिसेंबरची तिकिटं काढली आहेत, पांढुर्ण्याहूनच. तिला खालचा बर्थ मिळाला आहे, मला मधला.